क्लिपबोर्ड हिस्टरी टूल: आता यादी खालून वर

कॉपी केलेल्या मजकुरांची यादी ठेवणारं एक टूल मी पायथनमध्ये बनवतोय, मागच्या अपडेटनंतर त्यात बरंच हललंय. आता कॉपी केलेला मजकूर ही की, आणि कधी कॉपी केला, कुठल्या विंडोतून केला वगैरे ही व्हॅल्यू, असा सरळ एकच डिक्ट (डिक्शनरी, म्हणजे की आणि व्हॅल्यूच्या जोड्यांचा संग्रह) ठेवलाय. यादीत सगळ्यात नवीन नोंद वर पाहिजे, म्हणजे डिक्ट शेवटाकडून फिरवायचा. पायथन ३.८ पासून हे एकदम सोपं आहे, रिव्हर्स्ड या फंक्शनला डिक्टचे आयटम्स (की-व्हॅल्यूच्या जोड्या) दिले की काम झालं, आणि डिक्टची वेगळी कॉपी बनत नाही हे महत्त्वाचं, त्यामुळे वरच्या २० च नोंदी दाखवायच्या असतील तर आयस्लाइस (हव्या तेवढ्याच नोंदी घेणारं फंक्शन) लावून तिथेच थांबता येतं, बाकीच्या हजारो नोंदींना हातही लागत नाही.

३.७ वर मात्र हेच चालवलं की टाइप एरर. गंमत बघा, टाकलेला क्रम टिकेल ही हमी भाषेने ३.७ लाच दिली, पण उलटं फिरायची सोय आली पुढच्या व्हर्जनला, २०१९ मध्ये. ऑर्डर्ड डिक्टला (क्रम सांभाळायलाच बनवलेला डिक्टचा प्रकार) ती आधीपासून होती. जुन्या व्हर्जनवर आधी आयटम्सची लिस्ट करायची आणि ती उलटी फिरवायची, मेमरी थोडी जाते पण डिक्ट लहान असेल तर कोण मोजतंय.

आता खरी मजा. तोच मजकूर परत कॉपी केला तर काय? त्याच कीला नवीन व्हॅल्यू दिली की व्हॅल्यू बदलते पण जागा तीच राहते, म्हणजे आत्ता कॉपी केलेली गोष्ट यादीत कुठेतरी तळाला. उपाय सोपा आहे, आधी पॉप करा (म्हणजे की काढून टाका) आणि मग परत टाका, की शेवटी जाते. पण मला आतमध्ये काय होतं ते बघायची खाज. सीपायथनच्या (म्हणजे आपण नेहमी वापरतो त्या पायथनच्या) डिक्टमध्ये ३.६ पासून दोन भाग असतात, एक हॅशवरून (कीपासून काढलेल्या आकड्यावरून) नोंद शोधायचा इंडेक्स आणि दुसरा ओळीने टाकलेल्या नोंदींचा ॲरे. उलटं फिरणं म्हणजे या ॲरेच्या शेवटच्या खान्यापासून मागे येत जाणं, बस. की काढली की तो खाना रिकामा राहतो, पुढचे सरकत नाहीत, फिरताना असे खाने ओलांडत जावं लागतं आणि जागा संपून टेबल नव्याने बांधलं जातं तेव्हाच ते गळतात.

याचा त्रास कुठे होतो तर जुन्या नोंदी छाटताना. मी यादीला मर्यादा घातलीये, ती ओलांडली की सगळ्यात जुनी नोंद काढायची, आणि साध्या डिक्टमध्ये पहिली की शोधायची तर दर वेळी सुरुवातीपासून सगळे रिकामे खाने तुडवत जायचं. एक नोंद काढून देणारा पॉपआयटम स्वस्त आहे पण तो शेवटची, म्हणजे नेमकी नवीनच उचलतो! म्हणून ऑर्डर्ड डिक्टवर आलो. आत दोन्हीकडे जोडलेली लिंक्ड लिस्ट (प्रत्येक नोंद मागच्या-पुढच्या नोंदीला जोडलेली) असल्याने मूव्ह टू एंडने नोंद शेवटी नेता येते, पॉपआयटमला लास्ट फॉल्स सांगितलं की जुनी निघते, आणि रिव्हर्स्ड चालतंच. मेमरी जास्त खातो, खाऊ दे.

फिरता फिरता नोंदी काढू नका, उलट असो की सुलट, रनटाइम एरर येणार. काढायच्या कीज आधी लिस्टमध्ये गोळा करा.

दुसऱ्या भाषांमधून येणाऱ्यांसाठी एक गोष्ट, सी प्लस प्लसच्या मॅपमध्ये आरबिगिनने किंवा जावाच्या ट्रीमॅपमध्ये डिसेंडिंग मॅपने मिळतो तो कीजचा उतरता क्रम, शेवटी काय टाकलं याच्याशी त्याचा संबंध नाही. जावात टाकलेल्या क्रमाच्या उलट हवं असेल तर लिंक्ड हॅशमॅप, त्याला जावा २१ मध्ये रिव्हर्स्ड मिळालंय. जावास्क्रिप्टचा मॅप क्रम ठेवतो पण उलटं फिरू देत नाही, आधी ॲरे करावा लागतो. गो मध्ये मॅपला क्रमच नाही, विषय संपला.

पुढचं काम पिन केलेल्या नोंदींचं. त्यांना बहुतेक वेगळा डिक्ट देईन, कारण त्यांचा क्रम वापरणारा ठरवणार, कॉपीची वेळ नाही.