सीएमईचा दिवस

भौतिक चिकित्सा व पुनर्वसन या आमच्या शाखेची अखिल भारतीय संघटना १९७२ साली स्थापन झाली. तिचे वार्षिक अधिवेशन दर वेळी वेगळ्या शहरात भरते. तिथल्या शोधनिबंधांचे आणि व्याख्यानांचे मोल मी जाणतो. पण मला ओढ असते ती कार्यशाळांच्या, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या ‘सीएमई’च्या (कंटिन्युइंग मेडिकल एज्युकेशन, डॉक्टरांचे निरंतर शिक्षण) दिवसाची, कारण त्या दिवशी विभागप्रमुख आणि पहिल्या वर्षाचा रेसिडेंट, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेणारा डॉक्टर, एकाच टेबलाशी उभे राहून हाताने काम शिकतात.

क्लबफूटची कार्यशाळा मला विशेष आठवते. जन्मतः आत वळलेले पाऊल दर आठवड्याला नवे प्लास्टर घालून हळूहळू सरळ करण्याची पोन्सेटी पद्धत आम्ही सर्वांनी वाचलेली होती. परंतु अंगठ्याचा दाब टॅलस या हाडाच्या डोक्यावर नेमका कुठे द्यायचा आणि टाचेच्या हाडाला हात का लावायचा नाही, हे शिकवणाऱ्या सरांनी रबरी पावलावर आमची बोटे स्वतः धरून ठेवली तेव्हाच उमगले. पाऊल सरळ झाल्यावर पट्टीने जोडलेले बूट सुरुवातीचे तीन महिने दिवसाचे २३ तास आणि पुढे सुमारे चार वर्षांचे वय होईपर्यंत झोपेत घालावे लागतात. ते मध्येच सुटले तर पाऊल पुन्हा वळण्याचा धोका मोठा असतो. म्हणून बाळ रडते म्हणून बूट काढून ठेवणाऱ्या आईशी कसे बोलावे, यावर सर प्लास्टरइतकाच वेळ देत, आणि ते मला फार योग्य वाटे.

पक्षाघातानंतर ताठरलेल्या हाताच्या सत्रात एकाच रुग्णाचे कोपर आम्ही पाळीपाळीने तपासून स्नायूंचा ताठरपणा मोजणारी सुधारित ॲशवर्थ श्रेणी लिहीत असू. कुणी १ लिहिलेले असे, कुणी १+, तर कुणी २, आणि मग हात किती वेगाने ताणला, रुग्ण बसलेला होता की आडवा, अशी मनापासून चर्चा रंगे. त्यानंतर सोनोग्राफीच्या पडद्यावर स्नायू ओळखून ताठर स्नायू सैल करणाऱ्या बोटुलिनम टॉक्सिनची सुई कुठे जायला हवी, हे दाखवले जाई. त्या औषधाचा परिणाम साधारण तीन महिने टिकतो. तेवढ्या काळात व्यायाम, स्प्लिंट आणि हाताचा रोजचा वापर झाला नाही तर इंजेक्शन वाया जाते, हे एका ज्येष्ठ ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंनी डॉक्टरांच्या भरल्या सभागृहात इतक्या ठामपणे सांगितले होते की त्यांचे ते बोलणे मी आजही माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो.

चहाच्या वेळी ज्येष्ठांभोवती घोळका जमे. त्यांतल्या काहींची उमेदवारी मुंबईत हाजी अलीजवळच्या, १९५५ साली सुरू झालेल्या, आमच्याच शाखेच्या अखिल भारतीय संस्थेत झालेली. मांडीवर हात दाबून चालणारी पोलिओची मुले, त्यांच्या एकेका स्नायूच्या ताकदीची नोंद, पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरचे माप, हे सारे ते तपशिलाने सांगत. भारतातील नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. त्यामुळे आजच्या रेसिडेंटला नव्याने पोलिओ झालेले मूल सहसा पाहायला मिळत नाही, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण स्नायू हाताने तपासण्याची ती शिस्त मणक्याच्या आणि नसांच्या दुखापतींत तितकीच लागते, आणि ती मला तरी या गप्पांतूनच मिळाली. जयपूर फूट या कृत्रिम पावलाचा विषय निघाला की डॉ. प्रमोद करण सेठी यांच्याबरोबर कारागीर रामचंद्र शर्मा यांचेही नाव आदराने घेतले जाई. उकिडवे बसता येईल, अनवाणी चालता येईल असे पाऊल डॉक्टर आणि कारागीर यांनी मिळून घडवले, याचे आम्हा तरुणांना फार अप्रूप होते.

महाराष्ट्रात वैद्यकीय नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत अशा सीएमईंतून ३० गुण मिळवावे लागतात, त्यामुळे हजेरीच्या टेबलापाशी रांग असतेच. ती असावी, गुणांच्या निमित्ताने आलेला डॉक्टरही संध्याकाळी प्लास्टरने माखलेल्या हातांनी प्रश्न विचारताना मी पाहिला आहे. अलीकडे मात्र विषय वाढले, समांतर सत्रे आली आणि डॉक्टर एका सभागृहात तर फिजिओथेरपिस्ट आणि कृत्रिम अवयव बनवणारे तंत्रज्ञ दुसरीकडे, असे कधी कधी घडते. कृत्रिम पायाचा सॉकेट (ज्यात उरलेला पाय बसतो तो साचा) मांडीला कुठे टोचतो हे रुग्ण सांगत असताना त्याचे डॉक्टर, थेरपिस्ट आणि सॉकेट घडवणारा तंत्रज्ञ तिघेही समोर हवेत. सीएमईचे निदान एक सत्र दरवर्षी असे एकत्र व्हावे, असा आग्रह मी प्रत्येक आयोजन समितीकडे धरत आलो आहे.