मार्चअखेरचे ५४० युनिट आणि चार बादल्या

गच्चीवर ३ किलोवॉटचं सोलर बसवलं तेव्हा वीजबिल घटेल एवढाच हिशोब होता. घटलंही. दिवसाला सरासरी १२ युनिट तयार होतात आणि साताऱ्यातल्या आमच्या घराला त्याहून कमीच लागतात. उरलेले नेट मीटरमधून, म्हणजे आत येणारी आणि बाहेर जाणारी वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरमधून, बाहेर जातात आणि बिलात शिल्लक म्हणून दिसतात. ती शिल्लक बघून मी वर्षभर खूश होतो.

मार्च संपला आणि कळलं की ही बँकेतली ठेव नव्हे. आर्थिक वर्ष सरलं की उरलेल्या युनिटांचे अगदी कमी दराने पैसे मिळतात आणि खातं पुन्हा शून्यावर येतं. आमचे ५४० युनिट होते. बायको म्हणाली, "वर वीज वाटतोय आणि खाली आंघोळीला सिलिंडर जाळतोय." खरंच होतं ते. न्हाणीघरात गॅस गिझर, दोन महिन्यांना एक सिलिंडर त्याचाच.

म्हटलं, उरलेल्या विजेवर पाणी तापवू. पण ऊन दुपारी आणि आंघोळ सकाळी सहाला. म्हणजे दुपारचं गरम पाणी सतरा-अठरा तास टिकायला हवं. आम्ही चौघं बादलीने आंघोळ करतो, २० लिटरची एक बादली धरली तर कोमट पाणी ८० लिटर. टाकीत ५० लिटर पाणी ६० अंशांवर असेल आणि रात्रीत ते ५४ वर आलं, तरी थंड मिसळून तेवढं निघतं. ५० लिटर २२ वरून ६० अंशांवर न्यायला साधारण २.२ युनिट, म्हणजे २ किलोवॉटच्या कॉइलला सव्वा तासाच्या आत. ३ किलोवॉटची कॉइल मुद्दाम टाळली. भर दुपारीसुद्धा आमचं सोलर सव्वादोन-अडीच किलोवॉटच देतं, वरची वीज बाहेरून ओढावी लागली असती.

५० लिटरचा स्टोरेज गिझर घेतला. दुकानदार लेबलवरचे वीजबचतीचे तारे मोजायला लावतो, मी मात्र त्यावरचा उष्णता-गळतीचा आकडा वाचला. दिवसभर साठवायचं तर तोच महत्त्वाचा.

मग माझा शहाणपणा. मोबाईलवरून चालणारा स्वस्तातला स्मार्ट प्लग लावला, १० अँपिअरचा. कॉइल ८.७ घेते, म्हणजे बसतं की! पाचव्या दिवशी जेवताना जळका वास आला. प्लगची एक पिन तपकिरी झाली होती आणि सॉकेटचं भोक मऊ पडलं होतं. वायरमनने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "साहेब, हे दिव्याला ठीक. तासभर सलग ओढणाऱ्या गिझरला नाही." त्याने गिझरला वेगळी ४ चौरस मिमीची वायर ओढली. बोर्डात जास्त करंट गेला तर पडणारा एमसीबी, विजेची गळती झाली तर ती तोडणारा आरसीसीबी, एक टायमर आणि २५ अँपिअरचा कॉन्टॅक्टर बसवला. टायमर फक्त कॉन्टॅक्टरला इशारा देतो, जड करंट कॉन्टॅक्टर सोसतो. दुपारी साडेअकराला बोर्डातून 'टक्' असा आवाज येतो. आईला आता घड्याळ लागत नाही.

पहिल्या सकाळी नळाखाली हात धरून उभा राहिलो. आधी पाइपातलं गार पाणी आलं, जवळजवळ अर्धी बादली. मी हिरमुसलो, आणि मग एकदम चटका. आता ते गार पाणी मिसळायलाच वापरतो. गरम पाणी जाईल तसं खालून थंड भरतं, म्हणून चौथ्याला जरा कोमट मिळतं. चौथा मीच. गरम पाइपांना न्हाणीघराबाहेर फोमची नळी चढवली, त्याने फरक पडला.

आता एक कबुली. माझ्या जोडणीत दिवसा बाहेर गेलेलं युनिट रात्री वापरलं तरी वर्षाच्या आत वजा होतं. म्हणजे पाणी दुपारी तापवा की पहाटे, बिलात फरक शून्य. उलट रात्रभराच्या गळतीत थोडं जातंच. बचत झाली ती गॅस बंद केल्याने, टायमरने नव्हे. हे गणित आधी केलं असतं तर टायमर-कॉन्टॅक्टरचा खर्च वाचला असता. पण आमच्याकडे पहाटे हमखास वीज जाते. साठवलेलं पाणी असलं की आईची साडेपाचची आंघोळ चुकत नाही. तेवढ्यासाठी तो खर्च मला पटतो.

पावसाळ्यात हे फार चालणार नाही. जुलैत आमचं उत्पादन निम्म्यावर येतं, म्हणून गॅस गिझर काढलेला नाही, फक्त त्याचा कॉक बंद आहे. थंडीत मात्र जमून येतं: पंखे बंद, ऊन कडक, आणि गरम पाण्याची ओढही तेव्हाच सगळ्यात जास्त.

नोव्हेंबरात सुरू केलं. यंदाच्या मार्चअखेर शिल्लक निघाली १७० युनिट. बायको आता त्या १७० वर काय शिजवता येईल ते बघतेय.