पांढरा रंग, आणि काउंटरवरचं ‘सेम टू सेम’

हॉलला पांढरा रंग द्यायचा हे आमच्या घरी चहा पिता पिता ठरलं. कोणता पांढरा, हेही त्या मानाने लवकर ठरलं. पण तो ठरलेला पांढरा दुकानाच्या काउंटरवरून घरी येईपर्यंत माझं जे डोकं उठलं, ते अजून बसलेलं नाही. म्हणून लिहितेय.

आमचं घर जुळे सोलापुरात. हॉलची मोठी खिडकी पश्चिमेला. रस्त्यापलीकडच्यांनी दिवाळीला घर केशरी रंगवलंय, त्यामुळे सकाळचं ऊन त्यांच्या भिंतीवर पडलं की केशरी झाक आमच्याकडे येते. दुपार कलली की ऊन थेट आत. खाली जुनी शहाबादी फरशी, करडी आणि किंचित हिरवट. आणि रात्री ट्यूब. एवढ्या सगळ्यांचा रंग पांढरी भिंत उचलते, गडद भिंत एवढा उचलत नाही. म्हणून पांढरा निवडणं सोपं, असं जे म्हणतात त्यांनी एकदा निवडून बघावा.

सासऱ्यांचं म्हणणं होतं, पूर्वीसारखा चुन्याचा पांढरा पाहिजे, ही ऑफव्हाईटची थेरं नकोत. मी म्हटलं, बाबा, त्या चुन्यात नीळ कोण घालायचं? चुना वाळला की जरा पिवळट वाटतो, निळीचा निळा त्या पिवळ्याला मारतो आणि डोळ्याला भिंत जास्त पांढरी दिसते. म्हणजे कोरा पांढरा तेव्हाही कुणी लावत नव्हतं. आता तेच काम रंगाच्या दुकानातलं मशीन करतं. बेस, म्हणजे डब्यातला मूळ रंग, पांढरा असतो तो टायटॅनियम डायऑक्साइडमुळे. त्यात काळ्याचे, पिवळ्या ऑक्साइडचे, कधी लाल ऑक्साइडचे थोडे थेंब पडतात आणि पांढरा कुठे झुकणार ते ठरतं. बाबा हसले आणि ‘कर तुला काय करायचं ते’ म्हणाले. आमच्याकडे याला परवानगी म्हणतात.

पिवळ्याकडे झुकणारे सगळे मी आधीच बाद केले. पश्चिमेच्या उन्हात ते लोण्यासारखे दिसले असते. निळसर घेतला तर रात्री ट्यूबखाली दवाखाना. राहिला तो काळ्याचा थेंब जास्त आणि पिवळ्याचा नावापुरता असलेला, मधला पांढरा. कार्डावर तो शेजारच्या पांढऱ्यांपुढे मळका वाटतो, पण शेडकार्डाच्या नखाएवढ्या चौकोनावर जाऊ नका. भिंतीवर तो रंग वाढतो, कारण एका भिंतीवरचा उजेड दुसऱ्या भिंतीवर आपटून परत येतो. काही कंपन्या शेडपुढे एलआरव्ही नावाचा आकडा देतात, ० ते १००. उजेड किती परतवतो त्याचं ते माप. पांढऱ्यांत ८० च्या वरचा घेतला की खोली अंधारी वाटायची भीती नाही.

लांबी (म्हणजे पुट्टी), घासकाम, प्रायमर हे सगळं आमच्या पेंटर अण्णांनी सुरेख केलं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. अण्णा सोलापूरच्या पूर्व भागातले, घरी तेलुगू, आमच्याशी सोलापुरी मराठी. त्यांचं मत पहिल्या दिवसापासून एकच: “वैनी, व्हाईट म्हंजे व्हाईट की वो. दोन हात मारल्यावर कुणाला काय कळतंय?”

आता ते दुकान. नाव सांगत नाही.

मी चिठ्ठीवर कंपनी, प्रॉडक्ट, शेडचं नाव, कोड, सगळं लिहून अण्णांच्या हाती एक लिटर मागवला, नमुन्यासाठी. डबा आला. मी ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर दोन हात मारले, कडेला कोरी पट्टी सोडली, वाळू दिला. (भिंतीवर ठिपका मारून बघू नका, आजूबाजूचा जुना रंग डोळ्याला फसवतो. कागद प्रत्येक भिंतीपाशी नेता येतो.) वाळल्यावर कागद गुलाबी. म्हणजे लाजल्यासारखा गुलाबी नाही, पण कोऱ्या पट्टीशेजारी स्पष्ट गुलाबी.

झाकणावरचं लेबल वाचलं तर कंपनीच दुसरी! दुकानात गेले. काउंटरवरचे म्हणाले, त्या कंपनीचा बेस संपलाय, म्हणून या कंपनीच्या मशीनवर तोच शेड काढून दिला, सेम टू सेम येतो. हे सेम टू सेम मी पुढे इतक्यांदा ऐकलं की आता कुणी लग्नात जुळ्या बहिणींना म्हटलं तरी मला राग येईल.

एका कंपनीचा शेड दुसरीच्या मशीनवर काढतात तेव्हा सॉफ्टवेअर जवळात जवळचा फॉर्म्युला देतं. बेस वेगळा, थेंबांचे रंग वेगळे. गडद हिरव्यात एखादा थेंब इकडेतिकडे झाला तर खपून जातो. पांढऱ्यात एकूण थेंबच मोजके, तिथे लालचा एक जास्त झाला की संपलं. शिवाय एक लिटरच्या डब्यात मशीनला अर्धा थेंब पाडता येत नाही, तेव्हा नमुना चार लिटरचा परवडत असेल तर तोच खरा. मला नव्हता परवडत.

मी कागद आणि कार्ड काउंटरवर शेजारी ठेवले. आणि खरं सांगते, त्या दुकानाच्या पांढऱ्याफटक ट्यूबखाली दोन्ही एकच दिसले. काउंटरवरचे खुशीत: “बघा ताई, काय फरक आहे?” मी दोन्ही उचलून फुटपाथवर आले, त्यांना बाहेर बोलावलं. उन्हात फरक आंधळ्यालाही दिसला असता. तर म्हणतात, “उन्हात सगळंच वेगळं दिसतंय की.” म्हटलं, माझ्या घरात ऊन येतं हो, तुमची ट्यूब नाही येत.

मिक्स केलेला रंग परत घेत नाही, हे त्यांचं बरोबरच, तो दुसऱ्या कुणाला विकणार? पैशाचं मी काही बोलले नाही. फक्त म्हटलं, आता त्याच कंपनीचा द्या. बेस उद्या येणार होता. उद्या गेले तर बेस आला होता, पण मशीनचा पोरगा गड्ड्याला गेला होता. संक्रांतीचे दिवस, सिद्धेश्वराची यात्रा, त्या पोराला कोण काय बोलणार, पण मशीन दुसऱ्या कुणाला चालवता येऊ नये? मालक समोर बसून मोबाइल बघत होते. मग एकदा लाईट नाही. मग पोरगा आहे, मशीन आहे, लाईट आहे, तर टिंटरची, म्हणजे थेंब पाडणारी, नळी साफ करायचीय, तासाभराने या. अण्णांची रोजंदारी चालू, घरातलं सामान मधोमध चादरीखाली, आणि मी तास मोजतेय.

शेवटी डबा हातात आला. तिथेच लेबल वाचलं. कंपनी बरोबर, कोड बरोबर, प्रॉडक्ट त्याच कंपनीचं पण खालच्या दर्जाचं. विचारलं तर, “कोड तोच आहे की वो ताई.” कोड तोच, पण प्रत्येक प्रॉडक्टचा बेस आणि त्याचा फॉर्म्युला वेगळा असतो, चमक वेगळी असते, आणि हे रंग विकणाऱ्याला माझ्यासारखीने सांगायचं? तो डबा मी घेतला नाही. झाकण उघडायच्या आधी बोलले, एवढं समाधान. मागे उभा असलेला एक गिऱ्हाईक आपल्या डब्याचं लेबल वाचायला लागला, त्याचंही.

दुसऱ्या दुकानात चिठ्ठी दिली. त्यांनी उलट मलाच विचारलं, बेस कुठला, एकूण किती लिटर, सगळं एकदम काढू का? असं विचारणारा माणूस दिसला की तिथेच थांबा. कागद वाळला, सकाळी केशरी उजेडात, दुपारी उन्हात, रात्री ट्यूबखाली बघितला, हवा तसा होता. मग भिंतींसाठी लागणारा सगळा रंग एकाच दिवशी काढून घेतला, आणि अण्णांना सगळ्या बादल्या एका पिंपात एकत्र ढवळायला लावल्या. एकाच कोडच्या दोन बादल्यांतही किंचित फरक असतो आणि तो नेमका भिंतीच्या मधोमध उमटतो. अण्णा कुरकुरले, पण ढवळलं. ओला असताना रंग जास्त पांढरा दिसला म्हणून घाबरू नका, वाळताना उतरतो.

स्विचबोर्डाचं सांगायचं राहिलं. प्लॅस्टिकच्या पांढऱ्या पट्ट्या बहुतेक निळसर पांढऱ्या असतात, त्यांच्याशेजारी क्रीमकडे झुकलेला रंग जुनाट दिसतो. कागद तिथेही धरून बघा. छताला पेंटर न विचारता साधा पांढरा मारतात. तो भिंतीजवळ फार उजळ पडत असेल तर छतालाही भिंतीचाच रंग द्या. आम्ही तेच केलं. ट्यूबऐवजी पिवळसर एलईडी लावायचा विचार असेल तर तो रंगाच्या आधी लावा, नंतर नाही. आणि लांबी कितीही चांगली असो, पश्चिमेच्या तिरक्या उन्हात चमकदार फिनिश प्रत्येक उंचवटा दाखवतं. हॉलला मॅट बरं.

उरलेला रंग घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलाय, लेबलचा फोटो मोबाइलमध्ये आहे. बिलावरही शेडचा कोड आणि प्रॉडक्टचं नाव लिहून घ्या. त्या पहिल्या दुकानाने माझ्या बिलावर नुसतं ‘व्हाईट’ लिहिलं होतं.