तुम्ही विचारलंत म्हणून: गॅरेजखालची पोलादी खोली

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात आमच्या घरी आलेला मराठी पाहुणा गॅरेजच्या जमिनीतलं सरकतं दार बघतो. त्याखाली टोर्नेडोत, म्हणजे सोंडेसारख्या फिरत्या वादळात, लपायला पुरलेली पोलादी पेटी आहे हे कळलं की तो हमखास विचारतो, "ही पेटी पुरून घेण्यापेक्षा अख्खं घरच काँक्रीटचं का नाही बांधलंत?"

प्रश्न रास्त आहे. मूर हे गाव आमच्यापासून जवळच. तिथे ३ मे १९९९ आणि २० मे २०१३ या दोन्ही दिवशी सर्वांत वरच्या श्रेणीचे टोर्नेडो आले. पहिल्याच्या वेळी रडारने मोजलेला वारा ताशी ४८० किलोमीटरच्या घरात होता. दुसऱ्यात २४ माणसं गेली, त्यातली सात मुलं एकाच प्राथमिक शाळेतली. अशा वाऱ्यापुढे भिंती काँक्रीटच्या केल्या, तरी खिडक्या, दारं आणि छप्पर उरतंच. शिवाय एका ठरावीक घरावर असं वादळ थेट येण्याची शक्यता फार कमी. म्हणून घर लाकडाचंच ठेवायचं आणि घरातली माणसं मावतील एवढीच जागा अभेद्य करायची, हा इथला हिशेब. मला तो पूर्ण पटतो.

तळघरं इथे कमीच. इथली लाल चिकणमाती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. मराठवाड्यातल्या काळ्या रानात ज्यांनी घर बांधलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

काम तसं झटपट होतं. आधी ८११ वर फोन करून जमिनीखालच्या गॅसच्या आणि विजेच्या लाइन्स कुठून जातात त्याच्या खुणा करून घ्यायच्या. मग गॅरेजची काँक्रीटची जमीन करवतीने कापतात, खड्डा खणतात, वेल्डिंग केलेली तयार पेटी आत उतरवतात आणि चहूबाजूंनी काँक्रीट ओततात. वर पुन्हा गाडी उभी राहते.

पत्रा किती जाड, हे सगळे विचारतात. पाण्याचं मात्र फारसं कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते खरा धोका तिथे आहे. एक मीटर रुंद, दोन मीटर लांब, दीड मीटर खोल पेटी धरा. आकारमान तीन घनमीटर. भोवतीच्या जमिनीत पाणी भरलं, तर ते तिला तीन हजार किलोपर्यंत वर ढकलू शकतं. पाव इंची पोलादाच्या त्या पेटीचं स्वतःचं वजन जेमतेम साडेसहाशे किलो. म्हणजे नुसती माती लोटून पुरलेली पेटी वर उचलली जाणार. तिला धरून ठेवतं ते कडेचं काँक्रीट. त्यात कंत्राटदाराला काटकसर करू देऊ नका. आणि श्वासासाठी दारात झरोके असतात, त्यामुळे पाणी आतही येऊ शकतं. मे २०१५ च्या पुरात ओक्लाहोमा सिटीत एक बाई अशाच जमिनीखालच्या निवाऱ्यात बुडून गेली. जागा सखल असेल, पावसाचं पाणी साचत असेल, तर पुरलेली खोली घेऊच नका.

दुसरी गोष्ट अंतराची. इशारा मिळाल्यापासून वादळ येईपर्यंत अनेकदा दहा-पंधरा मिनिटंच हातात असतात. परसातल्या निवाऱ्याकडे गारांच्या माऱ्यात मुलांना घेऊन धावावं लागतं. म्हणून आम्ही गॅरेज निवडलं. स्वयंपाकघराचं दार उघडलं की समोरच.

आणि आई. ती सांगलीहून येते ती एप्रिल-मेमध्ये, म्हणजे नेमकी टोर्नेडोच्या मोसमात. तिचे गुडघे दुखतात. पायऱ्या शिडीसारख्या उभ्या असतात, म्हणून आम्ही दोन्ही बाजूंना पकडायला दांडे बसवून घेतले. ती आली की पहिल्याच आठवड्यात आम्ही सगळे एकदा खाली जाऊन बसतो. ती पाठमोरी उतरते आणि सगळ्यांत आधी उतरते. तिला लागणारा वेळ धरूनच आम्ही घरातून कधी हलायचं ते ठरवतो. खाली पाणी, बॅटरी, तिच्या गोळ्या, मुलांची सायकलची हेल्मेट आणि सगळ्यांचे बूट असतात, कारण बाहेर आल्यावर काचा आणि खिळ्यांवरून चालावं लागू शकतं. दारावर ढिगारा पडलाच तर आतून रेटायला जॅक आहे. खोलीची नोंदही शहराकडे केली आहे, म्हणजे शोधपथकाला ती कुठे आहे ते कळेल.

ज्यांच्या घरी कुणाला उतरणं शक्यच नाही, त्यांनी जमिनीवरची, काँक्रीटला बोल्टने जखडलेली पोलादी खोली घ्यावी. लबकच्या टेक्सास टेक विद्यापीठात अशा खोल्यांच्या भिंतींवर सुमारे सात किलोचा लाकडी वासा ताशी १६० किलोमीटर वेगाने आदळवून पाहतात. त्या चाचणीत उतरलेली खोली बेलाशक घ्या. आमच्या शेजारचे आजोबा व्हीलचेअरवर असतात; त्यांना मी तीच सुचवली.