पाणी-रॉकेटची नोंद : पॅराशूट, वारा आणि ‘पडन कुठं?’

मागच्या नोंदीत माझ्या पाणी-रॉकेटचं (हवेच्या दाबाने पाणी खाली फेकून उडणाऱ्या बाटलीचं) पॅराशूट उघडायची यंत्रणा अर्धवट होती. आता ती बसली आहे. चावीच्या खेळण्यातला टायमर, त्याच्या दांड्याला अडकवलेलं रबर आणि रॉकेटच्या बाजूला बिजागरीचं छोटं दार. टायमर फिरत आला की रबर सुटतं, दार उघडतं. धान निघालं, बांध्या (भाताची खाचरं) मोकळ्या झाल्या, त्यामुळे सकाळच्या चाचण्याही सुरू झाल्या आहेत. बाकी मांडणी तीच : कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली, एक तृतीयांश पाणी, सायकलच्या पंपाने ६० पीएसआय दाब. पिण्याच्या पाण्याची पातळ बाटली दाबाला वापरू नका, हे नव्यांसाठी परत सांगतो.

पहिल्या चाचणीला शाळेची पोरं आणि शेताकडे निघालेली बरीच माणसं थांबली होती. रॉकेट सरळ गेलं, दार वेळेवर उघडलं, पॅराशूट बाहेरही आलं. पण त्याची दोरी पंखाला गुंडाळली गेली, कापड फुगलंच नाही आणि रॉकेट गिरक्या घेत दोन बांध्या पलीकडे आदळलं. पोरं एका सुरात म्हणाली, “फेल झालं!” धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) बसलेल्या एका काकाजींनी मात्र वेगळंच विचारलं, “अन् हे घरावर पडलं असतं तं गा?”

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात हा प्रश्न सहज येतो. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. आकाशातून जळत्या रेघा गेल्या आणि लाडबोरीत धातूची भलीमोठी कडी पडली, पवनपारजवळ एक गोळा सापडला. चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा तो वरचा टप्पा असावा, असा जाणकारांचा अंदाज होता. कुणाला इजा झाली नाही. पण रॉकेट म्हटलं की इथल्या माणसाची नजर आधी आपल्या छपराकडे जाते, ती तेव्हापासून.

२८ मे २०२५ला स्टारशिपची, म्हणजे अमेरिकेतल्या स्पेसएक्स कंपनीच्या महाकाय रॉकेटची, नववी चाचणी मी चावडीजवळ मोबाईलवर लावली होती, तेव्हाही हेच दिसलं. आपल्याकडे पहाटेचे पाच नुकतेच वाजून गेले होते. खालचा बूस्टर आधी एकदा उडून परत आलेला. त्याच्या ३३ इंजिनांपैकी २९ जुनीच होती. उड्डाणाला टाळ्या पडल्या. बूस्टर उतरताना समुद्रावर फुटला, तेव्हा हळहळ झाली. वरचं यान सातव्या आणि आठव्या चाचणीपेक्षा पुढे गेलं, ठरलेला वेग गाठून त्याची इंजिनं बंद झाली. मग नकली उपग्रह सोडायचं दार उघडेना, टाकीच्या गळतीमुळे यानाचा तोल गेला आणि ते गोल फिरू लागलं. त्या क्षणी कुणी पास-नापास केलं नाही. “आता हे पडन कुठं?” हाच एक प्रश्न. हिंदी महासागर ऐकल्यावर तर सगळेच सावध झाले. ठरलेला पट्टा ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला, इथून हजारो किलोमीटर दूर आहे, हे नकाशावर दाखवल्यावर माणसं कामाला निघाली.

अशा चाचणीनंतर आपल्या छंदातले लोक हिरिरीने भांडतात. एक गट म्हणतो माहिती मिळाली म्हणजे यश, दुसरा म्हणतो पैशाची राख. पहिल्यांचं मला बरंचसं पटतं. १० ऑगस्ट १९७९ला आपलं उपग्रह नेणारं रॉकेट एसएलव्ही-३ दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतल्या गळक्या व्हॉल्व्हमुळे बंगालच्या उपसागरात पडलं आणि १८ जुलै १९८०ला त्याच जातीच्या रॉकेटने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. पोरांना मी हेच सांगितलं. तरी माझ्या मते सगळ्यात मोलाची प्रतिक्रिया खाली राहणाऱ्यांची. सातव्या चाचणीचे तुकडे टर्क्स अँड केकॉस बेटांवर पडले, आठव्यात फ्लोरिडातल्या विमानतळांवर उड्डाणं रोखावी लागली. म्हणून अमेरिकेच्या विमान वाहतूक यंत्रणेने नवव्या चाचणीला विमानांसाठीचा धोक्याचा पट्टा ८८५वरून १६०० सागरी मैलांवर नेला आणि विमानांची गर्दी कमी असतानाची वेळ ठरवायला लावली. लोकांनी विचारावं, तेव्हाच हे बदलतं.

म्हणून या हंगामात उंचीचा नाद बाजूला ठेवून मी आधी पडण्याची जागा ठरवतो आहे. गणित सोपं आहे. पॅराशूट सेकंदाला ३ मीटर खाली येत असेल आणि ते ४५ मीटरवर उघडलं, तर १५ सेकंद हवेत राहतं. वारा सेकंदाला २ मीटर असेल तर ३० मीटर वाहतं, ४ मीटर असेल तर ६०. पॅराशूट मोठं केलं की मार हलका होतो, पण वाहणं वाढतं. आणि आमचं गाव नेमकं बांध्यांच्या दक्षिणेला, हिवाळ्यातला वारा बहुधा उत्तर-ईशान्येचा. त्यामुळे कापड मुद्दाम लहान केलं, मध्ये भोक ठेवलं आणि वेग वाढला त्याची भरपाई म्हणून टोकाला जाड मऊ फोम बसवला. काठीला लोकरीचा धागा बांधला आहे. तो आडवा झाला की त्या दिवशी पंपाला हात लावायचा नाही. पोरं वाऱ्याच्या वरच्या बाजूला, धुऱ्यामागे. काकाजींनीच पाऊलं मोजून दोन्ही टोकांना लाल फडकी रोवून दिली.

दोरी अडकण्याचं कारण दाराच्या जागेत होतं. दार पंखाच्या सरळ रेषेत येत होतं, ते आता दोन पंखांच्या मधोमध घेतलं आहे. त्यानंतरच्या चाचण्यांत पॅराशूट फुगलं आणि रॉकेट फडक्यांच्या आतच उतरलं. एकदा वाऱ्याचा झोत आला, तेव्हा कडेची बांधी गाठली.

पुढे दोन बाटल्या जोडायच्या आहेत. जोडाची परीक्षा बाटल्या काठोकाठ पाण्याने भरून ९० पीएसआयला घेणार. हवा कमी असली की जोड फुटला तरी स्फोटाचा जोर राहत नाही. जोडाला पॉलियुरेथेनचा गोंद कुणी वापरला असेल, तर तो थंडीत वाळायला किती वेळ घेतो ते कळवा.