कनेक्टरमधलं एक अक्षर आणि आमचा वाया गेलेला हिवाळा (माझा अनुभव)

सैन्याला काही विकायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "दिल्लीत कुणी ओळखीचं आहे का?" माझं तरी ओळखीवाचून काही अडलं नाही. अडलं ते चाचणीच्या एका कागदावर, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. उंचावरच्या चौक्यांना रसद नेणारा ड्रोन आम्ही केला. माहिती मागवली, दिली. निविदा निघाली, भरली. त्यात सांगण्यासारखं काही नाही. एवढंच ध्यानात ठेवा की पेपरात 'अमुक हजार कोटींच्या खरेदीला मंजुरी' असं छापून आलं म्हणजे फक्त गरज मान्य झालेली असते, ऑर्डर नव्हे. आमच्याकडे तेव्हाच पेढे मागायला लोक आले होते. पुण्याच्या एआरडीईत, म्हणजे डीआरडीओच्या शस्त्र-संशोधन संस्थेत, आकाराला आलेली अटॅग्ज तोफ घ्या. 150 तोफांना अशी मान्यता 2018 मध्ये मिळाली, 307 तोफांचा करार झाला मार्च 2025 मध्ये. मध्ये 2020 साली पोखरणला चाचणीत नळी फुटून माणसं जखमी झाली होती, म्हणजे थांबून तपासायला निदान कारण तरी होतं.

आमचं कारण ऐका. लष्करी सामानाला हवामानाच्या चाचण्या लागतात, जेएसएस 55555 या लष्करी मानकाप्रमाणे. उष्णता, थंडी, धूळ, पाऊस, खारं धुकं, बुरशी. मान्यताप्राप्त लॅबमधून सगळ्या पास करून घेतल्या. मग ज्या कंपनीचा कनेक्टर लावला होता तिने ते मॉडेल बंद करून पुढचं आणलं. धातू तोच, माप तेच, पार्ट नंबरच्या शेवटचं अक्षर तेवढं वेगळं. कंपनीचं पत्र आणि सुधारित ड्रॉइंग जोडून आम्ही हे स्वतःहून कळवलं.

छाननीत साहेबांनी रिपोर्टमधल्या नंबरवर पेन्सिलीने गोल केला, निविदेतल्या नंबरवर दुसरा गोल केला, आणि म्हणाले, कॉन्फिगरेशन बदललंय, सगळ्या चाचण्या नव्याने. मी म्हटलं, साहेब, कनेक्टरपुरती धूळ-पाण्याची करून देतो, हवं तर तुमच्यासमोर. पण नाहीच.

परत लॅबच्या रांगेत. बुरशीची चाचणी 28 दिवस चालते. ओलसर, उबदार चेंबरमध्ये यंत्र ठेवायचं आणि बुरशी धरते का बघत बसायचं. फोन करकरून मी तिथल्या पोराला भंडावलं, तेव्हा तो वैतागून म्हणाला, "सर, बुरशीला घाई कशी करू?" बरोबर होतं त्याचं. इकडे लडाखच्या थंडीतल्या ट्रायलची तारीख जवळ येत होती. सुट्या लिथियम बॅटऱ्या प्रवासी विमानातून मालासारख्या पाठवता येत नाहीत, त्यामुळे श्रीनगरहून लडाखला जाणारा झोजिला घाट बर्फाने बंद व्हायच्या आत त्या रस्त्याने पोचायला हव्यात. रिपोर्ट हातात आला तेव्हा घाट बंद झाला होता. थंडीची ट्रायल पुढच्या थंडीतच. ट्रायल 'नो कॉस्ट नो कमिटमेंट', म्हणजे खर्च सगळा आमचा. पगार चालू, कॅश क्रेडिटचं व्याज चालू.

चीड याची येते की डीएपी 2020 मध्ये, म्हणजे संरक्षण खरेदीच्या नियमांच्या पुस्तकात, हे सगळं लिहिलेलं आहे. प्रत्यक्ष ट्रायल मुख्य गुणांपुरतीच घ्या, बाकीचं मान्यताप्राप्त लॅबच्या किंवा उत्पादकाच्या प्रमाणपत्रावर चालवा, त्याच चाचण्या पुन्हा पुन्हा नकोत, ट्रायल स्पर्धा वाढवण्यासाठी घ्या, बाद करण्यासाठी नव्हे. 2002 पासून हे पुस्तक कितीदा सुधारलं, 2025 हे तर 'सुधारणा वर्ष' म्हणून जाहीर झालं. पण बोफोर्सपासून खरेदीच्या फाइलवर सही करणाऱ्याच्या मनात धास्ती बसली आहे. चाचणी पुन्हा मागितली म्हणून कुणाला जाब विचारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. सूट दिली तर ऑडिटचा शेरा ठरलेला. सूट कोण देणार, किती दिवसांत, आणि नाकारली तर कारण लेखी द्यायचं, एवढं बंधनकारक केलं तरी माझ्यासारख्याचं वर्ष वाचेल. मध्येच साहेबांची बदली झाली. नवे आले ते फाइल पहिल्या पानापासून वाचायला बसले, तो भाग वेगळाच.

पुढच्या हिवाळ्यात ड्रोन उडाला, आणि झकास उडाला. शेजारच्या स्पर्धकाच्या बॅटऱ्या गारठल्या होत्या तेव्हा आमचा वजन घेऊन परत आला. किमतीची बोलणी झाली, करार झाला.

हो, सांगायचं राहिलं: उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आधी करून ठेवा, बयाणा रक्कम वाचते. लेहला माणसं आधी पाठवा, उतरल्या उतरल्या कामाला जुंपू नका. शंका प्री-बिड मीटिंगमध्येच विचारा आणि उत्तर लेखी घ्या, तोंडी उत्तर बदलीबरोबर जातं. आणि चाचणीला यंत्र पाठवण्याआधी कनेक्टर, केबल, केबल ग्लँड, सगळे सुटे भाग पूर्ण ऑर्डरला पुरतील इतके एकदम घेऊन कपाटात कुलूपबंद करा. पैसे अडकतात, अडकू देत.