बदकांची वही: मे महिन्यात रनर का जिंकली?

मंडळी, फेब्रुवारी ते मे असा चार महिन्यांचा हिशोब घेऊन आलोय. हिंगणा रोडच्या बाजूला घरामागच्या आवारात सध्या माद्या अशा आहेत: खाकी कॅम्पबेल सहा, इंडियन रनर चार, पांढऱ्या पेकिन चार आणि मस्कोव्ही तीन. नर वेगळे.

जानेवारीची पानं वहीत आहेत, पण मी ती धरत नाही. तेव्हा सकाळी सहालाच दारं उघडायचो. बदक पहाटे अंडं देतं, फार तर आठ-नऊपर्यंत, आणि जागेचा हट्ट धरेलच असं नाही. रनर तर चालता चालता टाकून मोकळी होते. कडुनिंबाखालच्या चिखलात सापडायची, टाक्याच्या तळाशी सापडायची, एकदा पाण्याच्या घमेल्यात निघालं. शेजारच्या काकू कुंपणावरून बघायच्या आणि म्हणायच्या, "मोजून काय करून राहिला बावा, खा ना!" फेब्रुवारीपासून चारही जातींना रात्री वेगळे कप्पे केले आणि दार नऊला उघडू लागलो. तिथून आकड्यांना अर्थ आला.

फेब्रुवारीच्या 28 दिवसांत खाकीची 134 अंडी, म्हणजे मादीमागे 22 च्या वर. रनरची 71, मादीमागे पावणेअठरा. पेकिनची 48 आणि मस्कोव्हीची 31. इथपर्यंत पुस्तकात असतं तसंच. चांगली खाकी वर्षाला तीनशेच्या आसपास जाते, पेकिन मुळात मांसाची जात.

पण नुसती संख्या मोजू नका, अंडं काट्यावर ठेवा. माझ्याकडे खाकीचं अंडं सरासरी 66 ग्रॅमचं, पेकिनचं 84. वजनात पेकिन थोडी भरून काढते, खाण्यात मात्र सगळं घालवते. फेब्रुवारीत खाकी रोज साधारण 150 ग्रॅम खायची, पेकिन 220. किलोभर अंड्यांसाठी खाकीला तीन किलोहून कमी खाद्य लागलं, पेकिनला सहा किलो. पेकिन दिसायला देखणी म्हणून ठेवली आहे, एवढंच. (खाद्यावरून आठवलं: एप्रिलमध्ये शेंगदाण्याची पेंड स्वस्तात मिळाली होती, पोतं उघडलं तर कुबट वास. सरळ फेकली. बुरशीचं विष कोंबडीपेक्षा बदकाला फार लवकर बाधतं.)

एक गंमत सांगतो. इंडियन रनरचा भारताशी काही संबंध नाही, ती इंडोनेशियाच्या बेटांवरची. खाकी मात्र इंग्लंडमध्ये ॲडेल कॅम्पबेल बाईंनी घडवली. भरपूर अंडी देणारी त्यांची रनर मादी, तिला रूआँ जातीचा नर, पुढे रानबदकाचं रक्त. 1898 च्या सुमारास ही जात लोकांसमोर आली. म्हणजे माझ्या आवारात आजी-नातीची शर्यत चाललीय.

आणि मे महिन्यात आजी जिंकली! खाकी 78, रनर 58. मादीमागे बघा: खाकी 13, रनर साडेचौदा. पेकिनची तर सगळ्यांची मिळून 14. मी वहीत ठळक अक्षरांत लिहूनही टाकलं, "रनरला नागपूरचं ऊन सोसतं."

महिनाअखेरीस एका दुपारी अडीचला काकड्या टाकायला गेलो, तर खाकी चोच उघडी टाकून धापा टाकत होत्या आणि दाण्याला तोंड लावलेलं नव्हतं. थर्मामीटर आत टांगला. खाकीच्या कप्प्यात 46, रनरच्या कप्प्यात 41. खाकीच्या डोक्यावर उघडा पत्रा आणि पाठीला पश्चिमेची भिंत. रनरवर दिवसभर कडुनिंबाची सावली. खाणं कमी झालं की अंडं कमी होणारच. महिनाभर मी जातींची तुलना करतोय असं समजत होतो, आणि वही पत्र्याची आणि झाडाची तुलना लिहीत होती. ते ठळक वाक्य खोडलं.

1 जूनला कप्पे अदलाबदल केले. पहिल्या सात दिवसांत खाकी 26, रनर 13. मादीमागे खाकी परत पुढे. पण यावरही उड्या मारू नका, कारण जागा बदलली की बदकं चार दिवस रुसतात, आणि मग पाऊस आला, हवाच बदलली. पुढच्या एप्रिलपासून दर पंधरा दिवसांनी कप्पे फिरवणार. पत्र्यावर तणसाचा जाड थर आत्ताच टाकून घेतलाय.

मस्कोव्हीचे मेमधले आकडे मुद्दाम दिले नाहीत, कारण तिघींपैकी एक 20 मेपासून खुडूक बसली आहे. खाकी आणि रनर सहसा अंड्यांवर बसतच नाहीत, म्हणून तिची स्वतःची काढून खाकीची आठ अंडी खाली सरकवली. तिची अंडी 35 दिवस घेतात, खाकीची 28. काल रात्री टॉर्च लावून पाहिली, सहांत हालचाल दिसली. हात घातला तर बाई फुस्स करून अंगावर आल्या, मनगटावर ओरखडा आहे. उद्या अठ्ठाविसावा दिवस.